पडद्यावरचा कोड अचूक, तरीही पहिल्याच ओळीत एरर: चुकीच्या स्वरूपात जतन झालेल्या स्क्रिप्टचे निदान

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शिकाऊ प्रोग्रामरने पायथनची एक छोटी स्क्रिप्ट धड्यातल्या नमुन्याशी अक्षर न् अक्षर जुळवून वर्ड प्रोसेसरमध्ये टाइप केली, जतन केली आणि चालवली, तर पहिल्याच ओळीत एरर आली. तोच मजकूर नोटपॅडमध्ये नव्याने टाइप केल्यावर स्क्रिप्ट चालली. मग त्याच नोटपॅडमध्ये बॅशसाठी, म्हणजे लिनक्सवर आज्ञा वाचून चालवणाऱ्या शेलसाठी, लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर नेली, तेव्हा फाइल समोर दिसत असतानाही ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश आला. कोडमध्ये नेमकी चूक कोठे आहे, असे त्यांनी विचारले आहे.

कोडमध्ये चूक नाही. दोन्ही अडचणींचे मूळ फाइल जतन होताना जे घडले त्यात आहे. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, या टप्प्यावर बहुतेक जण कोड बदलू लागतात, कंस मोजतात, ओळी खोडून पुन्हा लिहितात, आणि मूळ दोष जागच्या जागी राहून त्यावर नव्या चुकांची भर पडते. एररच्या संदेशात सांगितलेली ओळ आणि डोळ्यांना दिसणारी ओळ यांचा मेळ बसेनासा झाला, की कोडवरचा हात काढावा आणि फाइलमध्ये प्रत्यक्ष कोणते बाइट, म्हणजे मजकूर साठवणारे अंक, आहेत ते पाहावे, हा नियम मी स्वतः पाळतो आणि सोबत काम करणाऱ्यांनाही पाळायला लावतो.

पायथन असो वा बॅश, इंटरप्रिटरला, म्हणजे कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, अक्षरांचा आकार, रंग किंवा ठसा दिसत नाही. त्याला एकामागून एक येणारे बाइट मिळतात. ‘प्रिंट’ हा पाच रोमन अक्षरांचा शब्द, कंस आणि सरळ अवतरणचिन्ह साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरील अंकांच्या, पद्धतीने पाहिले, तर ७० ७२ ६९ ६ई ७४ २८ २२ असे सात बाइट दिसतात. हीच ओळ यूटीएफ-१६ या वेगळ्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांना बाइट देण्याच्या पद्धतीत, जतन झाली, तर ७० ०० ७२ ०० ६९ ०० अशी दर अक्षरामागे एक शून्य बाइट घेऊन बसते. अवतरणचिन्ह वळणदार झाले असेल, तर शेवटच्या २२ च्या जागी ई२ ८० ९सी असे तीन बाइट येतात. आणि फाइल वर्ड प्रोसेसरच्या स्वतःच्या स्वरूपात असेल, तर हे सात बाइट त्या क्रमाने बहुधा सापडणारच नाहीत. एडिटरच्या खिडकीत मात्र या सर्व फाइल जवळजवळ सारख्याच दिसतात.

पहिल्या अडचणीकडे वळू. वर्ड प्रोसेसरची डॉकएक्स फाइल ही मुळात झिप पद्धतीने दाबून बांधलेली अनेक फाइलींची गठडी असते; तिचे पहिले दोन बाइट ५० ४बी, म्हणजे ‘पीके’ ही रोमन अक्षरे असतात. अशा फाइलीचे नाव बदलून शेवटी डॉट-पीवाय लावले, तरी आतली गठडी तशीच राहते, कारण एक्स्टेन्शन हे केवळ नाव आहे आणि नाव बदलल्याने मजकुराचे रूपांतर होत नाही. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे, झिपमध्ये बांधलेले प्रोग्राम चालवण्याची सोय पायथनमध्ये आहे. त्यामुळे अशी फाइल चालवल्यावर पायथन गठडी ओळखतो, तिच्यात ‘मेन’ नावाचे मॉड्यूल शोधतो आणि ते सापडले नाही असा संदेश देतो. ज्याने आयुष्यात झिपचा विचार केला नाही, त्याला या संदेशाचा अर्थ लागणे कठीण आहे.

आरटीएफ, म्हणजे रिच टेक्स्ट, स्वरूपात कथा निराळी असते. ती फाइल साध्या अक्षरांचीच असते, पण तिची सुरुवात महिरपी कंस, उलटी तिरपी रेघ आणि ‘आरटीएफ१’ अशी होते. पायथनमध्ये उलट्या तिरप्या रेघेचा अर्थ ‘ही ओळ पुढच्या ओळीवर चालू आहे’ असा आहे, म्हणून तिच्यामागे लगेच अक्षर आलेले पाहून तो ‘अनएक्स्पेक्टेड कॅरॅक्टर आफ्टर लाइन कंटिन्युएशन कॅरॅक्टर’ असे म्हणतो. पहिल्याच ओळीत हा संदेश आला आणि त्या ओळीत उलटी रेघ दिसत नसेल, तर फाइल आरटीएफ आहे असे समजून चालायला हरकत नाही. मॅकवरील टेक्स्टएडिट नवी फाइल मूळच्या सेटिंगनुसार याच स्वरूपात उघडतो. फॉरमॅट मेनूत ‘मेक प्लेन टेक्स्ट’ निवडावे लागते.

अशा वेळी एक सोपी खूण कामी येते, ती म्हणजे फाइलीचा आकार. साध्या मजकुरात रोमन अक्षरे, अंक आणि चिन्हे प्रत्येकी एक बाइट घेतात. दोन ओळींची स्क्रिप्ट तीस-चाळीस बाइटांची असायला हवी. ती काही हजार बाइटांची दिसली, तर आत कोडखेरीज दुसरे बरेच काही आहे.

वर्ड प्रोसेसरमधून ‘प्लेन टेक्स्ट’ निवडून जतन केले, तरी सर्व प्रश्न सुटत नाहीत. टाइप करतानाच त्याने सरळ अवतरणचिन्हांची वळणदार केलेली असतात, दोन जोडरेघांची एक लांब रेघ केलेली असते आणि ओळीचे पहिले अक्षर मोठे केलेले असते. पायथनच्या अलीकडच्या आवृत्त्या अशा चिन्हाचा युनिकोड क्रमांकही सांगतात, उदाहरणार्थ ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’ आणि पुढे यू+२०१सी. हा क्रमांक वाचण्याची सवय लावून घ्यावी: २०१सी आणि २०१डी ही वळणदार दुहेरी अवतरणचिन्हे, २०१८ आणि २०१९ एकेरी, २०१३ ही मध्यम रेघ, ००ए० ही न तुटणारी मोकळी जागा आणि २००बी ही रुंदीच नसलेली जागा. शेवटच्या दोन डोळ्यांना कधीच दिसत नाहीत आणि बहुतेक वेळा संकेतस्थळावरून किंवा पीडीएफमधून कोड उचलताना सोबत येतात. मॅकवर साधा मजकूर निवडूनही ‘स्मार्ट कोट्स’ चालू राहू शकतात; ते वेगळे बंद करावे लागतात.

एक्स्टेन्शनचे घोळ तुलनेने सोपे आहेत. विंडोज परिचित एक्स्टेन्शन लपवून ठेवते, त्यामुळे डॉट-पीवायच्या मागे डॉट-टीएक्सटी चिकटलेले दिसत नाही. फाइल एक्स्प्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय प्रत्येक प्रोग्रामरने पहिल्याच दिवशी चालू करावा. ज्युपिटर नोटबुकची फाइल नाव बदलून पायथनने चालवली, तर ‘नल’ हे नाव माहीत नाही अशी एरर येते, कारण नोटबुक ही जेसन या माहिती साठवण्याच्या स्वरूपातली फाइल असते आणि जेसनमधला ‘नल’ पायथनला परका आहे. नोटबुकची पायथन फाइल करण्यासाठी एनबीकन्व्हर्ट हे साधन आहे. कोड ठेवणाऱ्या संकेतस्थळावरून मूळ फाइलीऐवजी तिचे वेबपान उतरवले, तर पहिल्या ओळीत डॉकटाइपचा टॅग येतो, आणि बॅश ‘न्यूलाइन’जवळ सिंटॅक्स एरर असल्याचे सांगते.

आता एन्कोडिंग. यूटीएफ-८ हा आजचा सर्वमान्य पर्याय आहे आणि पायथन ३ दुसरे काही सांगितले नसेल तर तोच धरून चालतो. विंडोज १० च्या २०१९ मधील १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅडही नवी फाइल बॉम या आरंभीच्या खुणेशिवाय यूटीएफ-८ मध्येच जतन करतो; त्याआधी तो एएनएसआय, म्हणजे यंत्राच्या भाषेनुसार ठरणारे जुने एन्कोडिंग, वापरत असे आणि त्याच्या यादीतला ‘युनिकोड’ हा पर्याय प्रत्यक्षात यूटीएफ-१६ होता. या एका शब्दाने कित्येकांना फसवले आहे. विंडोजच्या पॉवरशेल ५.१ या शेलमध्ये ‘मोठे आहे’ या चिन्हाने एखाद्या आज्ञेचे उत्तर फाइलीत वळवले, तर तीही फाइल यूटीएफ-१६ होते. अशा फाइलीची सुरुवात एफएफ एफई या बाइटांनी होते, आणि पायथन ‘नॉन-यूटीएफ-८ कोड’ अशी तक्रार करताना हाच एफएफ बाइट दाखवतो.

बॉम म्हणजे यूटीएफ-८ फाइलीच्या अगदी आरंभी येणारे ईएफ बीबी बीएफ हे तीन अदृश्य बाइट. त्यांच्याविषयी सरसकट चांगले किंवा वाईट असे मत देता येत नाही, कारण प्रत्येक साधनाचे वागणे वेगळे आहे. पायथनचा इंटरप्रिटर स्रोत फाइलीतला बॉम मुकाट्याने गिळतो, पण त्याच पायथनचे जेसन मॉड्यूल तो आढळताच थांबते. पीएचपी या वेबपानांसाठीच्या भाषेत हे तीन बाइट ब्राउझरकडे आउटपुट म्हणून निघून जाऊ शकतात आणि मग ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ हा प्रसिद्ध इशारा येतो. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या तक्त्याची, फाइल बॉमसह जतन झाली, तर पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलला पहिल्या स्तंभाचे नाव बॉमसकट मिळते आणि डोळ्यांसमोर असलेला स्तंभ सापडत नाही. उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग असे दिले, की प्रश्न मिटतो.

लिनक्सवर बॉमचा त्रास अधिक खोल आहे. स्क्रिप्ट थेट चालवायची असेल, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिचे पहिले दोन बाइट २३ २१, म्हणजे हॅश आणि उद्गारचिन्ह, आहेत का हे पाहतो. त्यांच्याआधी बॉम आला, की कर्नलला ती ओळ ओळखू येत नाही. मग शेल ती फाइल स्वतःचीच समजून वाचू लागते आणि पायथनच्या इम्पोर्ट ओळीवर ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणते. पायथनच्या फाइलीवर शेलची भाषा बोलणारी एरर दिसली, तर पहिले तीन बाइट तपासावेत.

याउलट पॉवरशेल ५.१ ला रोमनेतर चिन्हे असलेल्या स्क्रिप्टसाठी बॉम हवाच असतो. तो नसेल, तर ही आवृत्ती फाइल यंत्राच्या जुन्या एएनएसआय कोडपेजनुसार, म्हणजे कोणता बाइट कोणते अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्यानुसार, वाचते. त्यातून घडणारा एक प्रकार मला विशेष सांगावासा वाटतो. संदेशाच्या मजकुरात कोणी लांब रेघ लिहिली, तर यूटीएफ-८ मध्ये तिचे ई२ ८० ९४ असे तीन बाइट होतात. विंडोज-१२५२ या कोडपेजमध्ये ९४ म्हणजे वळणदार बंद अवतरणचिन्ह, आणि पॉवरशेल वळणदार चिन्हालाही खरे अवतरणचिन्ह मानते. परिणामी मजकूर रेघेपाशीच बंद होतो, त्यापुढची खरी बंद खूण नवा मजकूर उघडते, आणि एरर कित्येक ओळी खाली, निर्दोष जागी दाखवली जाते. पॉवरशेल ६ पासून बॉमशिवायचे यूटीएफ-८ धरले जाते, त्यामुळे तीच फाइल नव्या आवृत्तीत बिनतक्रार चालते.

दुसऱ्या अडचणीचे, म्हणजे सर्व्हरवरील बॅश स्क्रिप्टचे कारण ओळीच्या शेवटात आहे. विंडोजमध्ये ओळ संपताना ०डी ०ए असे दोन बाइट लिहिले जातात, लिनक्समध्ये केवळ ०ए. टेलिटाइप यंत्रांना छपाईचे शीर डावीकडे परत नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे या दोन वेगळ्या क्रिया कराव्या लागत. कॅरेज रिटर्न (सीआर, ०डी) आणि लाइन फीड (एलएफ, ०ए) ही नावे तेथूनच आली आहेत. नोटपॅडने जतन केलेल्या स्क्रिप्टची पहिली ओळ लिनक्सला ‘बिन-बॅश’ या मार्गाच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज रिटर्न जोडलेली अशी दिसते. त्या नावाचा प्रोग्राम यंत्रावर नसतोच. म्हणजे ‘नो सच फाइल’ हा संदेश तुमच्या स्क्रिप्टविषयी नाही, तर तिच्या इंटरप्रिटरविषयी आहे, आणि या अर्थाने तो अगदी खरा आहे. पुष्कळदा संदेशात ‘बॅड इंटरप्रिटर’ आणि मार्गाच्या शेवटी टोपीचे चिन्ह (^) व मोठा एम दिसतो. तो एम म्हणजेच कॅरेज रिटर्न. कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळा बांधून चालवण्याच्या पेटीत, मात्र हा इशाराही नसतो, केवळ फाइल नाही एवढेच सांगितले जाते.

पायथनचा इंटरप्रिटर दोन्ही प्रकारचे ओळशेवट स्वीकारतो. त्यामुळे एक स्क्रिप्ट ‘पायथन३’ असे लिहून पुढे नाव दिल्यावर चालते आणि तीच थेट चालवल्यावर बंद पडते. ही विसंगती दिसली, की पहिली ओळ तपासण्यापलीकडे फारसे काही शोधावे लागत नाही.

एरर येते तेव्हा निदान शोध तरी सुरू होतो. कॅरेज रिटर्न एररशिवाय काम बिघडवतो तेव्हा नुकसान मोठे होते. मी पूर्वी जेथे काम करीत होतो, तेथे रात्री आपोआप चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट होती. फोल्डरचे नाव ती वेगळ्या सेटिंगच्या फाइलीतून घेत असे. कोणीतरी ती फाइल विंडोजवर उघडून एक ओळ बदलली आणि जतन केली. त्या रात्रीपासून स्क्रिप्टने शेवटी कॅरेज रिटर्न असलेल्या नावाचा नवा फोल्डर तयार केला आणि सर्व बॅकअप त्यात टाकायला सुरुवात केली. रोज काम यशस्वी झाल्याची नोंद येत होती. पुढे एक फाइल परत आणायची वेळ आली, तेव्हा नेहमीच्या फोल्डरमध्ये सर्व बॅकअप जुने निघाले आणि शेजारी त्याच नावाचा दुसरा फोल्डर दिसला. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर असू शकत नाहीत, म्हणून नावाची लांबी मोजली. ‘बॅकअप’च्या सहा रोमन अक्षरांची लांबी सात आली. त्या सातव्या अक्षरापाशी पोहोचायला आम्हाला अर्धा दिवस लागला होता.

निदानासाठी लिनक्स आणि मॅकवर ‘फाइल’ नावाचीच आज्ञा आहे. ती नाव न पाहता आतला मजकूर तपासून सांगते: साधा मजकूर आहे, सीआरएलएफ ओळशेवट आहेत, बॉम आहे, किंवा रिच टेक्स्ट आहे. बारकाईने पाहायचे असेल, तर ‘कॅट’ला मोठ्या ए चा पर्याय देऊन स्क्रिप्ट छापावी, मॅकवर त्याऐवजी लहान ई आणि टी हे पर्याय द्यावेत. निरोगी ओळीच्या शेवटी केवळ डॉलरचे चिन्ह येते, विंडोजच्या ओळीच्या शेवटी त्याआधी टोपी आणि एम येतात, आणि बॉम असल्यास पहिल्या ओळीच्या आधी चमत्कारिक अक्षरे उमटतात. बाइटच पाहायचे तर ‘एक्सएक्सडी’ किंवा पॉवरशेलमधील ‘फॉरमॅट-हेक्स’ वापरावे. व्हीएस कोडच्या तळपट्टीत उजवीकडे एन्कोडिंग आणि ओळशेवट दोन्ही कायम दिसतात, ही सवयीने पाहावी अशी जागा आहे.

दुरुस्तीच्या आधी एक इशारा अगदी मनापासून देतो. फाइलमध्ये देवनागरी मजकूर असेल आणि तो पडद्यावर विचित्र दिसत असेल, तर काहीही करण्याआधी तिची प्रत काढा आणि मूळ फाइल जतन करू नका. देवनागरीचे प्रत्येक युनिकोड चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि पहिला बाइट ई० असतो. विंडोज-१२५२ ने वाचल्यास तेथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसतो. या अवस्थेत बाइट शाबूत असतात, केवळ वाचन चुकलेले असते. व्हीएस कोडमध्ये ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ निवडले, की मजकूर परत येतो. ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’ ही वेगळी क्रिया आहे. ती बाइट नव्याने लिहिते, म्हणून ती वाचन सुधारल्यानंतरच करावी. देवनागरी मजकूर मात्र अशा जुन्या कोडपेजच्या एएनएसआयमध्ये जतन झाला, तर प्रत्येक चिन्हाच्या जागी ३एफ हा प्रश्नचिन्हाचा बाइट बसतो. तेथे वाचन चुकलेले नसते, मजकूरच गेलेला असतो, आणि जुनी प्रत हाच उपाय उरतो. नोटपॅड अशा वेळी विचारणा करतो. ती खिडकी घाईने बंद करू नका.

तुमच्या दोन फाइलींपैकी पायथनची स्क्रिप्ट आता चालते, तेव्हा वर्ड प्रोसेसरमधली जुनी प्रत काढून टाका, म्हणजे चुकून तीच पुन्हा चालवली जाणार नाही. बॅश स्क्रिप्टवर सर्व्हरवरच ‘डॉस-टू-युनिक्स’ हे साधन चालवा. ते नसेल, तर ‘सेड’ने प्रत्येक ओळीच्या टोकाचा कॅरेज रिटर्न काढता येतो. त्यानंतर ‘फाइल’ आज्ञेने खात्री करा आणि मगच स्क्रिप्ट चालवा. ती स्क्रिप्ट वाचत असलेल्या सेटिंगच्या आणि यादीच्या फाइलीही तपासा, कारण दोष बहुधा एकट्या फाइलीत राहत नाही. शेवटची ओळ संपल्यावर ओळशेवट आहे ना, तेही पाहा; तो नसेल, तर बॅशमधली ‘व्हाइल रीड’ची एकेक ओळ वाचणारी नेहमीची लूप यादीतली शेवटची ओळ वगळते.

यापुढे कोडसाठी वर्ड प्रोसेसर वापरू नका आणि कोडसाठीच बनवलेल्या एडिटरमध्ये यूटीएफ-८ व एलएफ हे पर्याय कायमचे ठरवून ठेवा. एडिटरकॉन्फिग फाइलीत ते लिहिले, तर प्रकल्पातल्या सर्वांना ती फाइल मानणाऱ्या एडिटरमध्ये लागू होतात. गिट, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारे साधन, वापरत असाल, तर एवढ्यावर थांबू नका. विंडोजवरील गिटमध्ये ‘ऑटोसीआरएलएफ’ चालू असेल, तर तुम्ही एलएफने जतन केलेली स्क्रिप्ट दुसऱ्याच्या यंत्रावर उतरताना सीआरएलएफ होऊ शकते. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत शेल स्क्रिप्टसाठी ओळशेवट एलएफ आणि बॅच फाइलींसाठी सीआरएलएफ असे लिहून ती फाइल कमिट करा, आणि आधीपासून साठवलेल्या फाइलींवर ‘गिट अ‍ॅड’ची ‘रीनॉर्मलाइझ’ या पर्यायासह एक फेरी करून तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवा, म्हणजे ओळशेवटांचे बदल कोडच्या खऱ्या बदलांत मिसळणार नाहीत.